बर्फातल्या गेममध्ये कपडे ओले होण्याचं गणित : घाम कुठे गेला?

थर्मास

मंडळी, आम्ही तिघं मित्र हौसेखातर एक छोटा सर्व्हायव्हल गेम करतोय. जागा लडाखमधलं झंस्कर, ऋतू हिवाळा. खेळाडू एकटा आहे आणि गोठलेल्या नदीवरून त्याला वरच्या गावी पोचायचंय. भूक, झोप, वारा हे सगळं बसलंय. गाडी अडलीय कपड्यांवर.

या बाबतीत आमचा आदर्श 'द लाँग डार्क' हा गेम. २०१६ च्या अखेरीस त्यात थरांची पद्धत आली. अंगात आतले दोन कपडे, वरचे दोन, पायात मोज्यांच्या दोन जोड्या आणि मग बूट. प्रत्येक कपड्याला स्वतःची ऊब, वारा अडवायची ताकद, पाणी अडवायची टक्केवारी आणि वजन. बर्फ पडायला लागला की वरचा थर भिजतो, नदीवरचा पातळ बर्फ पायाखाली फुटला की सगळंच चिंब होतं आणि बाहेर राहिलात तर गोठतं. शेकोटीशेजारी काढून ठेवलं की वाळतं. मला शिकारीपेक्षा कपड्यांच्या त्या पडद्यावर रेंगाळायला जास्त आवडतं, इतकं ते मन लावून केलेलं आहे.

पण मी जे गेम खेळलोय त्यांत पाणी कायम बाहेरूनच येतं. पात्र जाडजूड कोट चढवून डोंगर चढतं, कुऱ्हाडीने लाकडं फोडतं, आणि आतला बनियन कोरडा ठणठणीत! थंडीत माणूस आधी स्वतःच्या घामाने भिजतो असं माझं ठाम मत आहे. गेममध्ये घाम आणावा का? आणला तर किती खोलात जावं?

चहाटळ

मी पयला! गेममध्ये दोरी आणि चिमटे द्याच. बंदुकीपेक्षा जास्त भाव येईल त्यांना :D

कडेकपारी

थर्मास, शंभर टक्के सहमत, आणि जागा झंस्कर निवडलीत म्हणून हे लिहितो.

चादरीवर, म्हणजे गोठलेल्या झंस्कर नदीवर, सगळीकडे एकसारखा बर्फ नसतो. कुठे काठाचा बर्फ फुटतो, कुठे वरून पाणी चढतं, मग घोट्याएवढ्या, कधी गुडघ्याएवढ्या पाण्यातून जावं लागतं. म्हणून लोक लेहच्या बाजारातून गमबूट घेतात. गमबूट नदीचं पाणी आत येऊ देत नाही, तसाच पायाचा घाम बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर चालून मुक्कामाला गुहेपाशी बूट उपसला की मोजा पिळता येईल इतका ओला निघतो, आणि नदीच्या पाण्याचा थेंबही आत गेलेला नसतो. तो मोजा मी दगडावर ठेवला होता. चहाचा मग संपेपर्यंत तो पायाच्या आकारात, टाचेसकट, उभाच्या उभा कडक झाला. हातात घेतला तर पुठ्ठ्यासारखा वाजला.

पुण्या-मुंबईची आपली मंडळी थंडीच्या धास्तीने सकाळी सगळे थर चढवून निघतात आणि तासाभरात पाठ भिजवून बसतात. पाठपिशवीखाली तर वारा लागायला वावच नसतो. चालताना काही वाटत नाही. खरा मार बसतो तो जेवायला थांबल्यावर. तिथले हमाल निघताना थोडे गारठलेलेच निघतात आणि थांबले की लगेच काहीतरी अंगावर ओढतात. लडाखी गोंचासुद्धा बघा. लोकरीचा सैल अंगरखा, कमरेला पट्टा. गरम झालं की गळ्याशी मोकळा करायचा. तुमच्या पात्राला गोंचा द्या.

तुमच्या गेमचा गाभा इथेच आहे असं मला वाटतं. काय घालायचं यापेक्षा कधी काढायचं हा प्रश्न खेळाडूला पडला पाहिजे.

खेळिया

मी विरुद्ध बाजू मांडतो. गेम म्हणजे निर्णय. दर पाच मिनिटांनी जॅकेट काढ, जॅकेट घाल यात निर्णय कसला? ते घरकाम झालं. एकदा खेळाडूला कळलं की चढावर काढायचं आणि थांबल्यावर घालायचं, की पुढे नुसती बटणं दाबणं उरतं. 'डेझी' या गेममध्ये बघा, कपडे दमट, ओले, चिंब अशा पायऱ्यांनी भिजतात आणि हाताने पिळता येतात. एकच कृती, पण उघड्या माळावर थांबून पिळत बसायची भीती वाटते, म्हणून ती लक्षात राहते. मला तेवढं पुरतं. पडद्यावर घाम मोजणारी पट्टी, आर्द्रतेची पट्टी, दवाची पट्टी असं केलंत तर मी दुसऱ्या दिवशी गेम उडवेन.

बगबहाद्दर

थर्मास, 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'मध्ये घाम आहे बरं का. जास्त कपडे घालून धावपळ केली की अंग तापतं, घाम येतो आणि ओल आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे सरकते. टॉवेलने अंग पुसताही येतं. फक्त तो गेम केंटकीत घडतो आणि मागे झॉम्बी लागलेले असतात, त्यामुळे त्या घामाकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणजे यंत्रणा लिहिणं अवघड नाहीये. तिला कथेत वजन देणं अवघड आहे.

दुसरा नमुना 'कॅटॅक्लिझम : डार्क डेज अहेड'. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. जुन्या आवृत्तीत ओल्या कपड्यांचा हिशेब अगदी सुटसुटीत होता. शरीराचा तो भाग जितका भिजलेला, तितकी कपड्याची ऊब कमी, जास्तीत जास्त ६६ टक्के. लोकर मात्र यातून पूर्ण वगळलेली, तिची ऊब भिजली तरी तेवढीच. चार ओळींचा कोड, पण त्यामुळे खेळाडू लोकरीचा स्वेटर जिवापाड जपायला लागतो.

सूतगिरण

लोकर पूर्ण वगळली? हे काही पटलं नाही. इचलकरंजीत कापडातच दिवस जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कापडातलं पाणी दोन ठिकाणी असतं. एक तंतूच्या पोटात, दुसरं तंतूंच्या मधल्या फटीत. नेहमीच्या हवेत लोकर तिच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओल पोटात धरते, सुती कापड साडेआठच्या आसपास, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. दमट हवेत लोकर वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओल पिताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. घाम आला की पहिला धक्का ती असा पचवते.

ऊब देते ती फटींमध्ये अडकलेली स्थिर हवा. सुती तंतू भिजला की लुळा पडतो, कापड अंगाला चिकटतं, फटी पाण्याने भरतात. लोकरीच्या तंतूला जन्मजात कुरळेपणा असतो, त्यामुळे भिजूनही ती थोडी फुगलेली राहते. पण नदीत बुडून आलात तर लोकरही जड होते, ऊब घटते आणि वाळायलाही ती खूप वेळ घेते. पॉलिएस्टरचं फ्लीस झटकलं की अर्धं कोरडं.

पिसांच्या जॅकेटला तर वेगळाच नियम लावा. कोरडं असताना त्याच्याइतकी हलकी ऊब दुसरी नाही. भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि हातात नुसतं नायलॉनचं कापड उरतं. 'वॉटरप्रूफ इतके टक्के' या एका आकड्यात हे बसत नाही. प्रत्येक कपड्याला तीन आकडे द्या : किती पाणी पितो, भिजल्यावर किती ऊब टिकते, किती वेळात वाळतो. खेळाडूला आकडे दाखवू नका हवं तर, आत असू द्या.

चहाटळ

सूतगिरण काका, तुमच्या या प्रतिसादाचाच स्वेटर विणता येईल. दंडवत.

केल्विन२७३

थोडं भौतिकशास्त्र. पाणी उष्णता वाहून नेतं ते स्थिर हवेच्या सुमारे २५ पट. ओले कपडे थंड लागतात त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण गेममध्ये मला कुठे धड दिसलेलं नाही. पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, एका किलोला साधारण २४०० किलोज्यूल. म्हणजे ५७० किलोकॅलरीच्या पुढे. जीन्स, सुती शर्ट, स्वेटर मिळून किलोभर पाणी सहज धरतात. ते अंगावरच वाळवायचं म्हटलं तर एका भरपेट जेवणाएवढी ऊर्जा शरीराने द्यायची.

खेळिया, तुम्हाला निर्णय हवा होता ना? हा घ्या. संध्याकाळ झालीय, कपडे ओले आहेत, लाकूड थोडं आहे, सत्तू थोडं आहे. सरपण जाळून वाळवायचं, की अंगावर वाळवून शिदोरी संपवायची, की ओलंच ठेवून सकाळी गोठलेलं चढवायचं? भूक, आग आणि ओल या तीन पट्ट्या एकमेकींना बांधल्या की घरकाम उरत नाही.

खेळिया

@केल्विन२७३, हे आवडलं. एकच चलन तीन ठिकाणी खर्च होतंय. असं असेल तर माझा विरोध अर्धा मागे. उरलेला अर्धा पट्ट्यांना आहे, तो कायम.

ध्रुवतारा

घामाच्या बाजूने इतिहासातला सगळ्यात भक्कम पुरावा १९११ चा आहे. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघं ऐन अंटार्क्टिक हिवाळ्यात, जून अखेरीस, केप इव्हान्सहून केप क्रोझियरला निघाले. एम्परर पेंग्विनची अंडी आणायची होती. चोवीस तास अंधार, तापमान उणे ६० च्या खालपर्यंत. तिथे ना पाऊस, ना नदी. तरी त्यांचे कपडे चिलखतासारखे झाले. घाम आणि श्वासातली वाफ, एवढंच पाणी. तंबूबाहेर पाऊल टाकताच कपडे ज्या स्थितीत असतील तसे घट्ट होत. मान वर असली तर वरच राहायची. म्हणून बाहेर पडल्या पडल्या ते स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढायच्या वाकलेल्या स्थितीत उभे राहत आणि मग गोठत. पाच आठवड्यांत झोपायच्या पिशव्यांचं वजन बर्फाने दुपटीवर गेलं.

थर्मास, हे गेममध्ये आलंच पाहिजे. गोठलेला कोट पाठीवर आहे म्हणून पात्राला मान वळवता येत नाही, पडद्यावरची नजर अर्धीच फिरते! टक्केवारी दाखवायची गरजच नाही.

उलट बाजूला स्कॉटचा प्रतिस्पर्धी, नॉर्वेचा अमुंडसेन. १९०३ ते १९०५ मध्ये 'योआ' जहाज घेऊन तो उत्तर कॅनडात थांबला होता, तेव्हा नेत्सिलिक इन्युइट लोकांकडून त्याने कॅरिबूच्या (उत्तरेकडच्या हरणाच्या) कातड्याचे सैल कपडे वापरायला शिकून घेतलं. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो. कपडा सैल, त्यामुळे आत हवा खेळते आणि घाम साचत नाही.

ट्रॉम्सोची_मावशी

किती सुंदर धागा! इतकी वर्षं नॉर्वेत काढली, पण माझ्या रोजच्या कटकटीवर मराठीत एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. थंडी वाढली की ओल वाढते असं गेम करणारे धरून चालतात. इथे उलटं आहे. उणे पंधराला बर्फ पिठासारखा कोरडा असतो. मुलं त्यात लोळून आली तरी झटकली की साफ. शून्य ते अधिक दोन असेल, पावसात बर्फ मिसळलेला असेल आणि जोडीला वारा, तो दिवस सगळ्यात वाईट. बाहेरून पाणी, आतून घाम, काहीच गोठत नाही आणि काहीच वाळत नाही. बालवाडीत मुलांच्या खणात जादा कपडे ठेवायचे असतात ते अशा दिवसांसाठी, आणि कपडे वाळवायला गरम हवेचं कपाटच असतं. अंगालगत लोकर, मग वर दुसरी लोकर किंवा फ्लीस, सगळ्यांत वर पाणी अडवणारा झगा. सुती बनियन घालून पाठवला तर शिक्षिका प्रेमाने सांगतात, पण सांगतातच.

दुसरं म्हणजे दार. बर्फाने माखलेला माणूस थंडीत कोरडाच असतो, तो भिजतो घरात शिरल्यावर, कारण बर्फ वितळतो. म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहून झटकायचं. जुने इन्युइट लोक फरवरचा बर्फ आणि दव झोडून काढायला हाड-लाकडाची खास झोडपणी ठेवत. तुमच्या गेममध्ये गुहेच्या तोंडाशी झटकायची एक कृती ठेवा. घाईत आत पळाला, लांडगा मागे आहे म्हणून, तर आत जाऊन भिजला.

कडेकपारी

मावशी, अगदी! सह्याद्रीतसुद्धा हेच आहे. बर्फाचा कण नाही, पण पावसाळ्यात जीन्स घालून गडावर गेलेला पोरगा वाऱ्याने काकडायला लागतो, बोलणं अडखळायला लागतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया, त्याला बाहेर उणे तापमान लागतच नाही. अशाला आधी आडोशाला न्या, ओलं काढा, कोरडं घाला, मग चहा.

नवशिका_९

एक शंका. बर्फ फुटून पाण्यात पडलं की गेममध्ये पात्र लगेच काठावर येतं आणि कपडे ओले झाल्याचं चिन्ह दिसतं. खऱ्यात किती वेळ असतो हातात?

केल्विन२७३

@नवशिका_९, मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्त स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून प्रयोग करणारे प्राध्यापक. ते १-१०-१ हे सूत्र सांगतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, तेव्हा धापा लागतात आणि तोंडात पाणी जाऊन माणूस बुडू शकतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर निघायचं. आणि शुद्ध हरपायला जवळपास एक तास. लोक घाबरतात ते पाण्यात पडताक्षणी थिजून मरू म्हणून, आणि त्या भीतीत हाताशी असलेली दहा मिनिटं घालवतात. थर्मास, त्या पहिल्या मिनिटात कळफलक धडपडू द्या. खेळाडूने शांत राहून श्वासाचं बटण धरलं तरच पुढचं सुरू.

बर्फाळ_पोस्ट

फौजेत उंचावर राहिलोय, म्हणून पायांबद्दल दोन ओळी. बाकी सगळं राहू द्या, पाय कोरडे ठेवा. रोज रात्री मोजे बदलायचे, ओले मोजे शर्टच्या आत पोटाशी ठेवून झोपायचं, सकाळी ते वाळलेले असतात. बुटाचं आतलं अस्तरही झोपायच्या पिशवीत घ्यायचं. हातमोजा काढला की तो तोंड खाली करून ठेवायचा, वर करून ठेवला तर त्यात बर्फ भरतो. तोंड पिशवीच्या आत घेऊन झोपायचं नाही, श्वासाची वाफ आत जिरते. ही शिस्त तुमच्या गेममधल्या पोराला शिकवा.

सूतगिरण

सर, सलाम. पोटाशी वाळवणं म्हणजे केल्विन म्हणाले तेच. उष्णता शरीराचीच, पण एका मोज्यापुरती, म्हणून परवडते.

थर्मास, आगीवर वाळवण्याला किंमत लावायला विसरू नका. चामड्याचा बूट ज्वाळेजवळ ठेवला तर कडक होऊन भेगाळतो. नायलॉन-पॉलिएस्टर वितळतं, ठिणगीने भोकं पडतात. लोकर ठिणगी बऱ्यापैकी सोसते.

बगबहाद्दर

आणि उणे तापमानात कपडे वाळतात, हेही घाला. लडाखच्या कोरड्या हवेत दोरीवरचे कपडे आधी फळीसारखे गोठतात आणि मग बर्फाची थेट वाफ होऊन सावकाश वाळतात. शिवाय गोठलेल्या कपड्यावरचं दव झटकून काढता येतं, ते पाणी वाळवावंच लागत नाही. म्हणजे ओला कोट आगीशी नेण्याआधी गोठवून झोडपणं ही खरी युक्ती ठरेल.

थर्मास

कुणाकुणाचे आभार मानू! रात्री आम्ही तिघं बसलो होतो, जे ठरलं ते सांगतो.

घाम येणार. मूळ प्रश्नाचं उत्तर ध्रुवताऱ्याच्या त्या तिघांनी दिलं. पण पट्टी एकही नाही, खेळियाचं ऐकलं. चढावर गळ्यातून वाफ निघताना दिसेल, मग धाप बदलेल, थांबल्यावर कॉलरवर पांढरं दव धरेल, आणि कोट गोठला की चालताना कापड करकर वाजेल. आत मात्र सूतगिरण काकांचे तीन आकडे प्रत्येक कपड्याला. ओल तीन ठिकाणी मोजायची : अंगालगत, मधल्या थरात, वरच्या कवचात. घाम आतून बाहेर सरकणार, बर्फ बाहेरून आत. उणे वीसला वरचं कवच जवळजवळ भिजणारच नाही, शून्याला सगळ्यात जास्त भिजेल. मावशी, त्या दिवसाला आम्ही तुमचंच नाव दिलंय. झटकायची कृती गुहेच्या तोंडाशी ठेवलीय.

अजून एका गोष्टीवर आमचं एकमत नाही. थांबल्यावर जॅकेट आपोआप अंगावर यावं का? एक मित्र म्हणतो यावं. मला वाटतं खेळाडूनेच घालावं, विसरला तर गारठू दे.

खेळिया

आपोआप नको. पण एकच बटण, आणि ते पिशवी न उघडता. जॅकेट पिशवीत सगळ्यात वर ठेवलं असेल तरच चालेल, तळाशी कोंबलं असेल तर वेळ लागेल. मग पिशवी कशी भरायची हाही खेळाचाच भाग झाला.

कडेकपारी

+१. चांगला वाटाड्या सकाळी हेच बघतो, जॅकेट वर आहे ना. आणि पाठपिशवीखालच्या घामाचं विसरू नका. जितकी पिशवी जड, तितकी पाठ ओली.

थर्मास

घेतलं. वजन तसंही मोजतोच आहोत, आता ते पाठीच्या ओलीला जोडतो. पहिली कच्ची आवृत्ती झाली की इथेच टाकेन. जुन्या लॅपटॉपवर कोण चालवून बघेल?

ट्रॉम्सोची_मावशी

मी आणि माझी दोन्ही मुलं. धाकट्याला पाण्यात पडायचा भाग आधी हवाय.